बाटली तुमच्याच हातात होती

ताई, मला तुमच्यावर संशय आहे.

गेलेल्या माणसाबद्दल पहिलं वाक्य असं लिहू नये, एवढं मला कळतं. पण तुमच्या अण्णांनी, थोरल्या भावाने, मला छत्रीबागेत घरी बोलावलं आणि सांगितलं की मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन-तीन पानं द्यायची आहेत. डिग्र्या, नोकऱ्या, जन्म कधीचा, ते सगळं ते स्वतः लिहिणार आहेत. "तू तुझं लिही मंदा. शेवटची वर्षं ती घरात कमी आणि तुझ्याबरोबर शेडमध्ये जास्त होती." मी म्हटलं, अण्णा, मी सातवी शिकलेली बाई. ते म्हणाले, "शुद्धलेखन मी बघतो." तेव्हा हे सगळं आधी ते वाचतील. पहिलं वाक्य खोडायचं असेल तर खोडू द्या. पण मी ते त्यांच्यापासून लपवून मागे कुठेतरी घालणार नव्हते.

संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. परभणीकडून नवऱ्यामागे इंदूरला आले तेव्हा मी सगळ्यांवर विश्वास ठेवणारी होते. भाजीवाल्यावर, बसमधल्या बायकांवर, कुणावरही. राऊच्या पुढच्या या कोंबड्यांच्या फार्मवर कामाला लागले तर पाण्याच्या टाकीवर रोज एक खडूची रेघ दिसायची. मला वाटलं, काहीतरी डॉक्टरी मोजमाप असेल. मग एक दिवस गोपाल भिया, जे माझ्या आधीपासून इथे आहेत, हसत म्हणाले, "वो लकीर तेरे लिए है। पानी देती है कि नहीं, मैडम देखती हैं।"

मी खूप रडले. तुमच्याकडे येऊन विचारलं. तुम्ही सुरी धुवत होतात, वर पण पाहिलं नाही.

"हो, तुझ्यासाठीच आहे. गोपालसाठी पण आहे. आणि माझ्यासाठी पण आहे, मी पण विसरते न. यात रडण्यासारखं काय आहे? विश्वास दाराबाहेर काढून ठेवायचा, चपलांसारखा. घरी जाताना घालून जायचा परत."

हे तुम्ही इतकं सरळ बोललात की मला रागावायला जागाच उरली नाही. त्यानंतर मला त्या रेघेची भीती नाही वाटली. उलट तिचाच आधार वाटायला लागला. आपल्यावर कुणीतरी नीट संशय घेतंय, म्हणजे आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत, असं.

आपलं काम काय होतं ते अंक वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे, नाहीतर त्यांना वाटेल आपण कोंबड्या विकत होतो. आमच्या सेठजींचा सवाल साधा होता. फार्मवर पांढरी ठेवायची की रंगीत? पांढरी म्हणजे बाजारात सगळीकडे दिसते ती ब्रॉयलर, भराभर वाढणारी. रंगीत म्हणजे तांबूस पिसांची, गावरानसारखी दिसणारी, सावकाश वाढणारी. माळव्यातल्या हाटात तिला भाव चांगला, पण शेड जास्त दिवस अडकून राहते. आणि दोघींच्या मागे एकच रोग, कॉक्सी. आतड्यात राहणारा बारीक जीव. त्याचं बी विष्ठेतून खाली पडतं, ओल्या भुशात पिकतं आणि दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातं. मग रक्ताची हगवण. औषध कमीत कमी वापरून दोघींपैकी कोण जास्त टिकते, ते बघायचं होतं. एकाच वयाची पिल्लं, एकच दाणा, मध्ये जाळी, आणि प्रत्येकाच्या तोंडात त्या जिवाचा सारखा डोस.

पहिल्यांदा तुम्ही मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलंत तेव्हा मी म्हटलं, साबुदाणा आहे. तुम्ही हसलात. मग म्हणालात, "मोज." मी मोजला. "परत मोज." परत मोजला. दोन्ही आकडे वेगळे आले तेव्हा तुम्हाला एवढा आनंद झाला. "बघ, तू खोटं नाही बोलत. खोटं बोलणाऱ्याचे आकडे पहिल्यांदाच जुळतात."

सातवीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं, ताई. म्हणजे, स्वयंपाक शिकवला, गप्प बसायला शिकवलं. तुम्ही आतडं उघडून त्यावर बोट ठेवून सांगायचात, हे शून्य, म्हणजे साफ, हे दोन, हे चार, म्हणजे पार खराब. आणि मग नवं आतडं पुढे करून विचारायचात, किती? मी चुकले तर ओरडायच्या नाहीत. का चुकले ते विचारायचात. माझ्या मोठेपणी मला कुणी "का" असं विचारलेलं मला आठवत नाही.

स्वतः मात्र अंडंसुद्धा खायच्या नाहीत. गोपाल भिया चिडवायचे, "मैडम, दिनभर मुर्गी का पेट खोलती हो, और पोहे में से प्याज ढूँढ के निकालती हो।" तुम्ही म्हणायचात, "भिया, मी कोंबडीची डॉक्टर आहे, तिची गिऱ्हाईक नाही."

माझ्या आईशी तुम्ही फोनवर बोललात ते आठवतं का? दिवाळीला मला गावी जाता येत नव्हतं, आई रडत होती, म्हणून तुम्ही फोन घेतलात. "आई, तुम्ही चिंता मत करू, मंदा इकडे एकदम मजेत आहे, मी तिला आपल्या घरी घेऊन जाऊन राहिले आहे." दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, बाई लई चांगली आहे, पण हिंदी बोलते, मला निम्मं समजलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दिवसभर फुगून बसलात. "आमच्या चार पिढ्या इथे मराठी बोलून राहिल्या आहेत आणि तुझी आई म्हणते हिंदी." त्या दिवाळीत तुमच्या घरी मी अनारसे खाल्ले. परमुलखात सणाच्या दिवशी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाटावर बसायला मिळणं काय असतं, ते घरच्या गावात राहणाऱ्याला नाही कळणार.

आता आपल्या भांडणाकडे येते.

डोस दिल्यावर चार-पाच दिवसांनी रंगीत पिल्लं लगेच दिसायला लागायची. पिसं फुलवून, डोळे मिटून, कोपऱ्यात गोळा होऊन. पांढरी मात्र दाण्यावर मान घालून खात असायची. सेठजी जाळीतून बघायचे आणि म्हणायचे, देखो, कौन तगड़ा है. तुम्ही त्यांच्या मागे हळूच मला म्हणायचात, "जो खाऊन राहिला आहे न, त्याच्यावर जास्त नजर ठेव." आणि खरंच, कापून बघितलं की पांढऱ्याच्या आतड्यात पण तेवढाच लाल भडका असायचा. कधी जास्तच. विष्ठेत बी तर पांढऱ्याचंच जास्त सापडायचं. रंगीत आठवड्याने उठून चालायला लागायची.

मी म्हणायचे, ताई, रंगीत कमजोर नाही, ती दुखणं दाखवते एवढंच. तुम्ही म्हणायचात, "हे तुझं मन बोलून राहिलं आहे. तुझी ड्यूटी रंगीतवर आहे, तू त्यांची आई झाली आहेस. मला अजून एक बॅच बघू दे." मी म्हणायचे, किती बॅच? तुम्ही म्हणायचात, "तुझं आणि माझं दोघींचं तोंड बंद होईल इतक्या."

शेवटची बॅच आली आणि तोंड माझं बंद झालं. या वेळी रंगीत नुसती बसली नाहीत, मेली. कापली तर आतडी रक्ताने भरलेली, चाराच्या वर आकडा असता तर तो दिला असता. पांढरी जवळजवळ साफ. तुम्ही हातमोजे काढत म्हणालात, "बघ, तुझ्या लाडक्या." आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. दमलेल्या दिसत होतात. त्याच आठवड्यात तुम्ही सेठजींना सांगितलंत की रंगीत जात या रोगापुढे टिकत नाही. नंतर तुम्ही आलातच नाही.

मला तेव्हाच पटलं नव्हतं. आणि पटलं नाही की काय करायचं हे तुम्हीच शिकवलेलं, म्हणून मी एकेकावर संशय घेत गेले. आधी पिल्लं पाठवणाऱ्या हॅचरीवर. पण या वेळची पिल्लं टवटवीत आली होती, खोक्यात एकही मेलेलं नव्हतं. मग दाण्यावर, पण दाणा दोन्हीकडे एकाच पोत्यातून गेला होता. मग भुशावर. मग सेठजींवर, कारण रंगीत बंद व्हावी असं त्यांच्या मनात होतंच. पण डोस दिला त्या आठवड्यात सेठजी लग्नाला रतलामला होते. मग, देवा शप्पथ, गोपाल भियांवर सुद्धा. पांढरी त्यांच्याकडे होती, त्या बाजूच्या पाण्यात त्यांनी चोरून औषध टाकलं असेल का, म्हणून मी त्यांच्या कपाटाजवळ दोन दिवस घोटाळत राहिले. त्यांनी विचारलं, "क्या खो गया?" मी म्हटलं, सुई.

त्याच दिवसांत तुमचा दवाखान्यातून फोन आला होता. आवाज कापसासारखा झाला होता. मी कसं आहे विचारलं, ते तुम्ही ऐकलंच नाही.

"मंदा, त्या दिवशी बाटली माझ्याच हातात होती न? शेवटपर्यंत?"

"हो ताई."

"मध्ये कोणाला दिली नव्हती मी?"

"नाही. तुम्ही कधी देता का?"

मला वाटलं फोन कटला. मग तुम्ही म्हणालात, "हं. बरं, ठेव."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. "हं. बरं, ठेव." मी त्या "हं"शी रोज भांडते.

डोसची बाटली. बी पाण्यात घातलेलं असतं, पण ते पाण्यात राहत नाही, खाली बसतं. पंगतीत वरणाचं पातेलं न ढवळता वाढत गेलं तर पहिल्या पानावर पाणी पडतं आणि शेवटच्या पानावर डाळ, तसं. म्हणून प्रत्येक पिल्लाच्या आधी बाटली हलवायची आणि मगच सिरिंज भरायची. आणि पांढरी नेहमी आधी. ती अंगाने जड, ऊन चढलं की धापा टाकतात, म्हणून त्यांचं सकाळीच उरकायचं. रंगीत नंतर. आणि बाटलीला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. गोपाल भिया हलवताना गप्पा मारतात, मी घाईत हलवते. आमच्या मनगटांवर तुमचा भरवसा नव्हता, आणि बरोबरच होतं. इतक्या बॅच तुम्ही उभ्या राहून, एकटीने, शेवटच्या पिल्लापर्यंत बाटली हलवलीत.

त्या दिवशी तुम्ही उलट्या घातलेल्या क्रेटवर बसला होतात. मला ते सकाळीच खटकलं होतं. पांढरी अर्धी झाली असतील, तुम्ही बाटली उजव्या हातातून डाव्यात घेतलीत. मग गुडघ्यावर टेकवलीत. मग नुसती कलती करायला लागलात, इकडे, तिकडे, झोपलेल्या पोराची मान सरळ करावी तशी. मी म्हटलं, द्या ताई, मी हलवते.

"बाटलीला हात नाही लावायचा."

"मग गोपाल भियांना तरी..."

"मंदा. तू पिल्लू धर."

मी पिल्लू धरलं. रंगीत पिल्लं सुरू झाली तेव्हा तुमच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, ऊन.

तुम्ही गेल्यावर अण्णांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "तिला तिचं दुखणं उन्हाळ्यापासून माहीत होतं. मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं." मी त्यांच्यासमोर चहा प्यायले. बाहेर गल्लीत येऊन मात्र मला तुमचा इतका राग आला, ताई. उन्हाळ्यापासून तुम्ही माझ्यासमोर बसून डबा चाटूनपुसून खात होतात. मला दाखवून. मी पिल्लाचा पंख लांबून ओळखायला शिकले, आणि तुमचा खांदा माझ्यासमोर उतरत गेला तरी मी ऊन म्हणत राहिले. दुसऱ्या कुणी मला एवढं चकवलं असतं तर तुम्ही ते चालू दिलं नसतं. सांगितलं असतंत तर मी रोज राजेंद्र नगरच्या माझ्या खोलीवरून तुम्हाला घ्यायला आले असते. बाटलीही धरली असती. तुमच्या हाताखाली हात ठेवून धरली असती, म्हणजे हात तुमचाच राहिला असता.

पण मग मला असंही वाटतं, तुम्हाला काम काढून घेतलं जाण्याची भीती होती. ती भीती मला चांगली ठाऊक आहे. मी रोज ती घेऊनच उठते.

दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी सेठजी शेडवर आले. रंगीत बंद करतो म्हणाले. आणि डीलर लोकांची मीटिंग आहे, तिथे तुमचा फोटो लावून, हार घालून, "मैडम की आखिरी रिसर्च" म्हणून सांगणार. त्यांच्या मनात खरंच तुमच्याबद्दल आदर होता, डोळे भरले होते. शेजारी तुमच्या जागी आलेले नवे डॉक्टर उभे होते. गोपाल भियांनी पण मान हलवली.

मी म्हटलं, "सेठजी, उस दिन बोतल ठीक से नहीं हिली."

माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. बसून दिला डोस, हात थकला होता, पांढऱ्यांना पातळ गेलं असेल, रंगीतला घट्ट.

गोपाल भिया म्हणाले, "मंदा बाई, चुप रह। जिसने तेरे को सिखाया, उसी के हाथ पे उँगली उठा रही है?"

सेठजी म्हणाले, "तू डॉक्टर है क्या?"

"नहीं जी. मैं पिल्लू पकड रही थी."

मग गोपाल भियांनीच, रागाने नाही, विचार करत करत म्हटलं, "सेठजी, इसकी नौकरी रंगीन वाले में है। रंगीन बंद तो ये भी बंद। तो बोलेगी ही।"

ताई, तिथे मी माझ्यावरच संशय घेतला. कारण ते खरं होतं. रंगीत बंद झाली तर मला परत घर शोधत, काम शोधत फिरायचं आहे, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात इथे राहणं होत नाही, आणि गावी तोंड घेऊन जायचं धैर्य नाही. मी त्या दिवशी बघितलं ते खरंच बघितलं, की मला तसं दिसायला पाहिजे होतं म्हणून दिसलं? रात्रभर मी तो क्रेट, तो गुडघा, ती बाटली आठवून बघितली. जितकं आठवलं तितका हात तुमचा जास्तच थकत गेला. आठवणीवर मी यापुढे भरवसा ठेवणार नाही.

नव्या डॉक्टरांनी मात्र एवढंच विचारलं, "क्रम क्या रहता था?" मी सांगितलं, पांढरी आधी, नेहमी. ते सेठजींकडे वळून म्हणाले की छोटी बॅच परत करून बघायला हरकत नाही. सेठजी माझ्याकडे बघत म्हणाले, "और मैडम सही निकलीं तो?"

"तो फोटो बडा लगाना."

ते हसले नाहीत. पण हो म्हणाले.

या वेळी एक पांढरं, एक रंगीत, असं आलटून पालटून घेतलं. बाटली डॉक्टरांच्या हातात, हलवायचे ते, सिरिंज त्यांची. मी पिल्लू धरलं. आता आठवडा होत आला आहे. रंगीत पिसं फुलवून बसली आहेत, पांढरी खात आहेत, आणि त्यावरून काहीच कळत नाही, हे निदान मला तरी माहीत आहे.

उद्या सकाळी कापायची आहेत. डॉक्टर म्हणाले होते, तू ट्रे धरून उभी राहा, मॅडमबरोबर राहायचीस तशी, तुला आकडे समजतात. मी नाही म्हटलं. गोपाल भिया मागच्या खोलीत आतडी काढतील, पिसाचा एक तुकडा राहणार नाही असं धुतील, नुसता नंबर ठेवून झाकलेले ट्रे आत पाठवतील. कुठला नंबर कुणाचा ते डॉक्टरांना शेवटी कळेल. मी फाटकाबाहेर उभी राहणार आहे. मला रंगीत वाचायला पाहिजेत आणि तुम्ही बरोबर निघायला पाहिजेत, ताई, आणि दोन्ही एकदम होणार नाही. अशा बाईने उद्या त्या ट्रेजवळ जाऊ नये.